रंग चुकला की चहा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, मी गाडीच्या दाराला रंग मारत होतो आणि ही पेपर धरून उभी होती.

गाडी आमचीच. कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमध्ये असते. गोल पाठीची, जुनी, पांढरी. आता रस्त्यावर तसल्या दिसत नाहीत. डाव्या दाराला पोचा आला तो मीच आणला, आणि तोही रस्त्यावर कुठं नाही, पार्किंगच्या खांबाला. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले आणि म्हातारपणी स्वतःची गाडी खांबावर नेऊन घातली. खांब बिल्डिंग बांधल्यापासून तिथंच आहे. मला दिसला नाही.

पोचा ठोकून काढला, पुटी भरली, पाणी लावून पॉलिश कागदानं घासून सपाट केली, अस्तर दिलं. राहिला रंग. शेजारी सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर. तिच्यावर फवारा उडाला असता तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. म्हणून ही पेपर दोन्ही हातांनी उघडून मध्ये उभी राहिली, आणि उभ्या उभ्या वाचायला लागली.

"अहो, कोबी महागला."

"हलू नकोस."

"तुमच्या राशीला लिहिलंय, हट्ट सोडावा, लाभ होईल."

मी रंगाची गन खाली घेतली. "कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. लिहायला पाहिजे होतं."

हट्टाचं प्रकरण असं की आमची पैज लागली होती. रंग मी एकट्यानं मिसळला होता, हिला डब्याजवळ येऊ दिलं नव्हतं. दार सकाळच्या उन्हात बाकीच्या गाडीशी जुळलं, तर हिनं माझ्या मोतीबिंदूचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जुळलं, तर मी मुकाट्यानं डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. आणि सकाळपर्यंत हिनं रंगाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. ही शेवटची अट हिनं स्वतःच घातली. ओल्या रंगावर ही कधीच बोलली नाही. ओला असतो तेव्हा एक दिसतो, वाळला की गडद होतो. "ओला रंग आणि नवा जावई," ही म्हणायची, "पहिल्या दिवशी मत देऊ नये."

रंग मारून झाला. हिनं पेपरची घडी घातली, दाराकडं एकदा बघितलं असेल नसेल, आणि जिन्याकडं निघाली. मी मागून विचारलं, "काय मग?"

"सकाळी," म्हणाली.

रात्री झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. निकाल न देता गेली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. लिहायची सवय म्हणजे डब्यांवर 'काळा', 'पिवळा', 'हात लावू नये' एवढंच. तेव्हा पुढं-मागं होईल, सांभाळून घ्या. हिचं नाव मी आयुष्यात घेतलं नाही, आता कागदावर तरी कशाला घेऊ. ही म्हणजे ही.

गॅरेज शनिवार पेठेत होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. एक गाडी आत मावायची, दोन बाहेर, आणि बाहेरच्या दोनांवरून रोज कुणीतरी भांडायला यायचं. शेजारी सीटकव्हर शिवणारे चाचा. त्यांच्या घराण्याचा तो धंदा आमच्या आधीपासूनचा. माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'जुन्या गाड्यांचा रंग हुबेहूब जुळवून मिळेल'. पाटीवर नाव माझं होतं. जुळवायची ही.

लग्न केलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर बहुतेक केलं नसतं, तेव्हा मी फार शहाणा होतो. आम्ही नारायण पेठेत एका खोलीत राहायचो. ही दुपारी डबा घेऊन चालत यायची. एकदा एका वकिलांच्या हिरव्या गाडीचं मडगार्ड मी रंगवून ठेवलं होतं. वकीलसाहेब समोर उभे, मान डोलावत होते. मी हात पुसत, आता कौतुक ऐकायचं म्हणून तयार. तेवढ्यात ही आली. डबा ठेवला, गाडीकडं पाठ करून पदर सारखा केला, आणि खांद्यावरून मागं एकदाच नजर टाकली.

"मडगार्ड उसनं आणलंय का?"

वकीलसाहेबांची मान डोलायची थांबली.

संध्याकाळी मी खोलीत आवाज चढवला. "बायकांनी गॅरेजमध्ये बोलू नये!"

"बरं," ही म्हणाली. "मग गॅरेजनं बायकांना दिसेल असं राहू नये."

दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं, तर गाडी पालकाची आणि मडगार्ड मेथीचं. मी आदल्या संध्याकाळी बल्ब लावून रंग जुळवला होता. बल्बखाली सगळंच जुळतं. शिवाय मी आणखी एक गाढवपणा केला होता. जुन्या गाडीच्या रंगावर उन्हाचा, धुळीचा एक मेलेला थर बसतो. तो घासून काढल्याशिवाय खालचा रंग कळत नाही. मी त्या थराशीच जुळवत बसलो होतो. हिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बोट लावून म्हणाली, "ज्याच्याशी जुळवायचंय त्याचं तोंड तरी आधी धुवा."

मी म्हटलं, कंपनीच्या रंगाचा नंबर असतो, तो डबा आणला की झालं. मग ही मला गाडीच्या मागं घेऊन गेली, पेट्रोलचं झाकण उघडलं. आतला रंग कोराकरकरीत, नव्या नवरीसारखा. "कंपनीचा रंग हा," म्हणाली. "आता शेजारचं दार बघा. ते उन्हात म्हातारं झालंय. तुम्हाला लग्न दाराशी लावायचंय की पत्रिकेशी?"

कुठून कळतं हे, म्हणून मी पुष्कळदा विचारलं. उत्तर ठरलेलं. "तांदूळ निवडता येतात ना, मग झालं." मला वाटायचं ही नम्रपणानं सांगते. नम्रपणा कसला! हिचं खरोखर मत होतं की ज्याला तांदूळ निवडता येत नाहीत त्याला काहीच येत नाही, आणि मला येत नव्हते.

खांद्यावरून बघायचं कारण मात्र एकदा सांगितलं. पहिल्या नजरेला फरक दिसतो. टक लावून बघत बसलं की डोळा स्वतःची समजूत घालायला लागतो. म्हणून ही रंगाकडं पाठ करून उभी राहायची, दुसरंच काहीतरी बोलायची, शेंगा महागल्या, नळाला पाणी नाही, आणि मध्येच रंगाला चोर पकडल्यासारखी वळायची. गिऱ्हाईक दचकायचं.

वकिलांच्या प्रकारानंतर आमच्यात एक ठरलं. गिऱ्हाइकासमोर चूक काढायची नाही. मग कळणार कसं? तर ही डबा घेऊन यायची, वळून बघायची. जुळलं असलं तर रिकामा डबा उचलून चालू पडायची, गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा विचारायची नाही. आणि जुळलं नसलं तर मोठ्या प्रेमानं म्हणायची, "बसा ना, चहा टाकते."

ते गिऱ्हाइकाला अडकवून ठेवायला. तेवढ्या वेळात मी मागं जाऊन, पांढऱ्यात काळ्याचा थेंब, हिरव्यात पिवळ्याचा, असं करत पुन्हा मिसळायचो, पत्र्याच्या तुकड्यावर मारून वाळवायचो. थिनरच्या वासात स्टोव्ह पेटवायचा नसतो, म्हणून स्टोव्ह चाचांच्या ओट्यावर. त्यामुळे चाचांना कप ठरलेलाच. रंग लागोपाठ जुळत गेले की ते ओट्यावरून विचारायचे, "भाभी, आज चहा नाही?"

"आज जुळलं, चाचा."

"अरेरे."

आमच्या अगत्याची पेठेत ख्याती झाली. पुण्यात न विचारता चहा देतात, आणि तोही गॅरेजमध्ये! लोक एकमेकांना सांगायचे. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. एवढा चहा पाजला त्यात अगत्य चमचाभर नव्हतं, सगळ्या माझ्या चुका होत्या. एक गृहस्थ तर रागावून म्हणाले, "आम्ही इतक्या वेळा आलो, आम्हाला कधी चहा विचारला नाही तुम्ही." त्यांची गाडी काळी होती. काळा मलाही यायचा. ही शांतपणे म्हणाली, "तुम्हाला चहाची गरज पडली नाही हो."

सगळ्यात वाईट पांढरा. लोकांना वाटतं पांढऱ्यात काय जुळवायचं. पांढऱ्याएवढा खोटारडा रंग नाही. हिच्याकडं पांढऱ्याची सगळी बिरादरी होती. मिठाचा पांढरा, साखरेचा पांढरा, ताकाचा, सायीचा, ओल्या खोबऱ्याचा, सोललेल्या लसणाचा. घरात जाडं मीठ असायचं, आणि मीठ-साखरेचे डबे सारखे, स्टीलचे, त्यावर काही लिहिलेलं नाही. मी म्हणायचो, चिठ्ठी तरी लाव. "डोळे आहेत ना? मीठ निळ्याकडं झुकतं, साखर पिवळ्याकडं." मला दोन्ही पांढरी दिसायची. एकदा पाहुण्यांच्या चहात मी मीठ घातलं. पाहुणे पुणेकर होते. एक घोट घेऊन म्हणाले, "चहा वेगळा आहे."

हिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साडी दाखवली की ही ती उचलून सरळ रस्त्यावर, उन्हात. मागून दुकानदार, त्याच्या मागून मी, साडीचा पदर धरून. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "बाई, साडी लग्नात नेसणार की उन्हात?"

"लग्न दुपारचं आहे," ही म्हणाली, आणि साडी परत दिली.

मी पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो, या बाईचा आणि माझा संबंध नाही असा. ही तिथूनच ओरडली, "अहो, चला!"

आता मोतीबिंदूचं सांगतो. ते सांगायला लाज वाटते, पण हसायलाही येतं.

मोतीबिंदू काही एका दिवसात होत नाही. रोज काचेवर चहाचा हात फिरवावा तसं जग थोडं थोडं पिवळं होत जातं, आणि माणसाला वाटतं जग असंच असतं. आम्हा दोघांना तो बरोबरच होत गेला. त्यामुळे एकानं दुसऱ्याला सांगावं तर दोघंही आंधळे. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब जास्त पडला तरी मला कळायचं नाही, आणि ही खांद्यावरून बघून डबा उचलून निघून जायची. ती काही वर्षं आमच्याकडं चहा जवळजवळ बंद झाला होता. मला वाटलं, हात बसला. चाचा कुरकुर करायचे, मी छाती काढून फिरायचो.

गिऱ्हाइकंही बोलली नाहीत. जुन्या गाड्यांची गिऱ्हाइकं ती, आमच्याच वयाची. त्यांनाही मोतीबिंदू. आम्ही चुकवायचो आणि ती वाखाणायची. एवढे सुखाचे धंद्याचे दिवस पुन्हा आले नाहीत.

मग हिचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून आम्ही रिक्षानं घरी निघालो. ही काळा चष्मा वर करून बाहेर बघत होती. "अहो, आकाश बघा केवढं निळं!" वगैरे चाललं होतं. मध्येच रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "थांबा."

फुटपाथला एक पांढरी गाडी उभी होती. मागचं दार आम्ही केलेलं. मी म्हटलं, "काय झालं? चांगलं आहे की."

"चांगलं? ताकावर सायीचं ठिगळ मारलंय."

त्यानंतर महिनाभर आमची पुण्यात फिरायची सोय राहिली नाही. देवळाबाहेर, भाजीबाजारात, लग्नाच्या कार्यालयासमोर, जिथं जाऊ तिथं ही बोट दाखवायची. "ते बॉनेट आपलं. ती डिकी आपली. देवा, ते अख्खं मडगार्ड!" चोरांना आपल्या चोऱ्या अशा गावभर उभ्या दिसत असतील का, माहीत नाही. मला काहीच दिसत नव्हतं, कारण माझे डोळे अजून जुन्याच काचेचे. मी दर वेळी म्हणायचो, "जुळलंय की." शेवटी हिनं एक वाक्य ठेवून दिलं. "तुम्हाला जुळलेलं दिसलं, म्हणजे चुकलंच समजायचं."

नुसतं बोलून थांबली असती तर ती ही कसली. एका निवृत्त मास्तरांच्या दाराची बेल वाजवली. मी दोन पायऱ्या खाली उभा.

"तुमच्या गाडीच्या दाराचा रंग आम्ही चुकवलाय. दुरुस्त करून देतो. काही द्यायचं नाही."

मास्तर खाली आले, चष्मा लावला, काढला, दाराभोवती फिरले. "मला तर काही दिसत नाही."

"तुमचं मोतीबिंदूचं झालंय का?"

मास्तर चिडले. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही!"

"बरं. झालं की दिसेल. दिसलं की या."

वर जाताना मास्तरांनी दार जरा जोरातच लावलं. पुढच्या हिवाळ्यात गाडी घेऊन आले, काळा चष्मा लावून. शेडच्या बाहेर थांबले, आत येईनात. हिला हाक मारून म्हणाले, "बाई, दिसलं." आणि मग दोघं जी हसत सुटली! मी पत्र्याला ठोकत बसलो, कारण त्या विनोदात ज्याला काही दिसत नव्हतं असा मी एकटाच उरलो होतो.

तेव्हापासून हिनं नवीनच सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की रंग कोणता, पोचा कुठं, हे नंतर. आधी, "तुमचं मोतीबिंदूचं झालंय का?" झालं असलं तर कडक काम. झालं नसलं तरी कडक काम, पण वर ताकीद, "आत्ता तुम्हाला हे चुकलेलं वाटेल. ऑपरेशन झालं की आमच्या नावानं नमस्कार कराल." काही लोक गाडी घेऊन परत गेले. एक जण डोळे तपासून घ्यायला गेला आणि त्याला खरंच निघाला.

आणि मी? जगातल्या सगळ्यांना ही दवाखान्यात पाठवत होती, मी सोडून. मी जायला तयार नव्हतो. कारणं माझ्याकडं रोज ताजी असायची. कारागिराच्या डोळ्याला शस्त्र लावू नये. थंडी आहे. ऊन आहे. पितृपंधरवडा आहे. खरं कारण एकच, मी घाबरलो होतो. हातोडा घेऊन पत्र्याची हाडं मोडणारा माणूस मी, डोळ्यात औषधाचा थेंब घालायला हिनं दोन बोटांनी पापणी उघडली की पलंगाच्या पार पलीकडं. ही बाटली घेऊन मागं. "अहो, थेंब आहे, तोफ नाही."

गॅरेज बंद झालं, आम्ही कोथरूडला आलो, तरी भांडण तेच. मुलानं दिवाळीला घराला रंग दिला, तर मी त्याला म्हटलं, "बदामी छान निवडलास." तो हिच्याकडं बघायला लागला. भिंती पांढऱ्या होत्या. मग मी खांबावर गाडी घातली, आणि पैज लागली.

माझे दोन्ही डोळे आता झालेत. झाल्यावर खाली जाऊन दार बघितलं. गाडी ताकाची आहे, दार सायीचं. सेक्रेटरींच्या स्कूटरलासुद्धा दिसेल. मुलगा म्हणतो, बाबा, कुणाकडून तरी नीट करून घेऊ. मी म्हटलं, त्या दाराला हात लावलास तर तुझा हात मोडीन. तो विषय संपला.

पण त्या सकाळी मला हे डोळे नव्हते.

मुलगा नागपूरहून निघाला होता. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. हिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. घर माणसांनी भरलं. मला एका खुर्चीत बसवलं आणि येणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होता. चाचा शनिवार पेठेतून रिक्षा करून आले. आता काठीशिवाय चालवत नाही त्यांना. माझ्यासमोर उभे राहिले, मग दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते. तिच्यावरचं ऊन खाली सरकायला लागलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाली पार्किंगच्या तोंडाशी ऊन आलं असणार. हिनं दिलेली वेळ. मी उठलो. लोकांना वाटलं मोरीकडं चाललाय, वाट दिली. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.

दारावर ऊन पडलं होतं. रंग खडखडीत वाळला होता. मी गाडीकडं पाठ करून उभा राहिलो. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, "कोबी महागला." मग खांद्यावरून वळून बघितलं.

जुळला होता. दार कुठं संपतं आणि गाडी कुठं सुरू होते, मला सापडेना. पुन्हा पाठ केली, पुन्हा वळलो. खाली वाकून बघितलं, लांबून बघितलं, सावली धरून बघितलं. जन्मात माझ्या हातून एवढा रंग जुळला नव्हता. वॉचमन आला. हिच्याकडून रोज चपाती न्यायचा तो. त्याचे डोळे लाल झालेले. मी विचारलं, "कसं झालंय दार?" तो म्हणाला, "एकदम मस्त, काका." त्या दिवशी मी त्याला गाडी हिरवी आहे म्हटलं असतं तरी तो एकदम मस्त म्हणाला असता. कुणालाही विचारण्यात अर्थ नव्हता. पैज हिच्या नजरेवर होती.

मी दाराला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो. मी जिंकलो होतो. आता या जगात मला दवाखान्यात जा म्हणणारं कुणी नव्हतं.

मग हिचं वाक्य आठवलं. तुम्हाला जुळलेलं दिसलं, म्हणजे चुकलंच समजायचं. आणि हा तर इतका जुळलेला दिसत होता, म्हणजे चांगलाच चुकला असणार.

वर आलो. बाहेरच्या खोलीत थांबलो नाही, सरळ स्वयंपाकघरात गेलो. पातेलं काढलं, पाणी घेतलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी धावत आल्या.

"अहो काका, काय करताय? अजून नेलेलं नाही घरातून. गॅस पेटवायचा नसतो. चहा हवाय का? आम्ही थर्मास भरून आणलाय."

"मला प्यायचा नाहीये."

"मग?"

"टाकायचाय."

वहिनींनी माझा हात धरला. आणखी दोघी-तिघी दारात जमल्या. एक हळूच म्हणाली, धक्का बसलाय. बाहेरच्या खोलीतून चाचांच्या काठीचा आवाज आला. ते उठले नव्हते, नुसती काठी आपटली होती.

"टाकू द्या त्यांना, ताई," चाचा म्हणाले. "रंग चुकलाय."

वहिनींना काही कळलं नाही, पण त्यांनी हात सोडला.

गॅस पेटवला. पाणी ठेवलं. फळीवर दोन डबे होते, सारखे, स्टीलचे, त्यांवर काही लिहिलेलं नाही. पहिला उघडून खिडकीच्या उजेडात धरला. पांढरं होतं. दुसरा उघडला. तेही पांढरंच. पाठ करून, वळूनही बघितलं. मग पहिल्यात बोट बुडवून चाखलं. मीठ. तो डबा जागच्या जागी ठेवला, दुसऱ्यातलंही चाखून घेतलं, आणि चहा टाकला.